पाणपोईला पासवर्ड

प्रवासात इंटरनेट बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. राउटर ठीक, फोन ठीक, वाय-फायची खूण पूर्ण भरलेली. तरी पान उघडत नाही, कारण मधे कुणीतरी उभं आहे आणि तुम्ही कोण हे त्याला जाणून घ्यायचंय. ‘अगं, कनेक्टेड दाखवतंय पण चालत नाही’ असे फोन मला वर्षभर येतात. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा हा बिनपगारी जोडधंदा आहे. तो करता करता माझ्या डोक्यात एक प्रश्न अडकून बसलाय आणि तो तांत्रिक नाही.

आधी हे मधे उभं राहणं म्हणजे काय ते सांगते. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायला जोडल्याबरोबर फोन तुम्हाला न विचारता एका ठरलेल्या पत्त्यावर बारीकशी हाक मारतो. अँड्रॉइड गूगलला, आयफोन ॲपलला. अँड्रॉइडला त्यावर 204 क्रमांकाचं एक कोरं उत्तर हवं असतं. त्याऐवजी दुसरंच काही आलं, की हाक वाटेत कुणीतरी अडवली हे फोन ओळखतो आणि लॉगिनचं पान समोर आणतो. म्हणजे हॉटेलवाला जे करतो ते तंत्र म्हणून बघितलं तर मधे बसून तुमचं बोलणं पळवणाऱ्या चोरासारखंच असतं. फरक फक्त हेतूचा, आणि हेतू फोनला दिसत नाही. लॉगिनचं पान येतच नसेल तर व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएसमध्ये वेगळा पत्ता भरला असेल तर तो काढा आणि नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट मुद्दाम बिनकुलपाची ठेवली आहे, कुणालाही अडवता यावी म्हणून. बरीच दुखणी एवढ्यावर बरी होतात.

ईमेलची तक्रार साधारण अशी असते: मेल येतात, पण इथून जात नाहीत. जीमेलच्या ॲपमध्ये हे सहसा होत नाही, पण ऑफिसच्या जुन्या पद्धतीच्या खात्यात हमखास होतं. मेल बाहेर पाठवायचं जुनं दार म्हणजे 25 नंबरचं पोर्ट. हॉटेलं आणि इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. सेटिंगमध्ये 587 घाला, मेल जाईल. पण बंद का ठेवतात? 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत मेल सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे पाठवत. आपल्या दारात आलेलं परक्याचं टपाल पुढे ढकलणं ही तेव्हाची रीत होती. मग जाहिरातवाल्यांनी त्याच दारातून कचऱ्याचे ट्रक नेले आणि दारं लागली.

म्हणजे प्रवासात ज्याला आपण ‘प्रॉब्लेम’ म्हणतो, ते बहुतेक वेळा कुणीतरी आपल्या आधी केलेल्या विश्वासघाताचं बिल असतं. आपण उशिरा आलो, म्हणून ते आपल्या हातात येतं.

भारतातलं एक बिल तर नवी मुंबईत फाटलं. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना गेलेला धमकीचा ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायवरून पाठवला गेला होता. त्या घरात राहणाऱ्या परदेशी माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, एवढंच. 2009 साली दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, मोबाइलवर पासवर्ड पाठवा नाहीतर ओळखपत्राची प्रत ठेवा. आज स्टेशनवर आपण ओटीपीची वाट बघत उभे असतो, त्याचं मूळ त्या घरापर्यंत जातं.

जर्मनीत भीती वेगळी होती, उत्तर तेच. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे 2010मध्ये ठरवलं, की वाय-फाय पुरेसं सुरक्षित न ठेवणाऱ्या मालकाला परक्याने केलेल्या गाण्याच्या चोरीबद्दल कोर्टात खेचता येईल. परिणाम असा, की प्रगत समजल्या जाणाऱ्या त्या देशात कॅफेवाले वाय-फाय द्यायला घाबरू लागले. कायदा बदलायला 2017 उजाडलं. उलट बाजूला ब्रूस श्नायर हा अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ. त्याने 2008 साली लिहिलं, की माझ्या घरचं वाय-फाय मी मुद्दाम उघडं ठेवतो, कारण तो साधा पाहुणचार आहे. आयुष्यभर कुलपांचा अभ्यास केलेला माणूस स्वतःच्या दाराला कुलूप लावत नाही, हे मला फार आवडलं होतं.

आपल्याकडे या पाहुणचाराला पटकन सुचणारा शब्द म्हणजे पाणपोई. वैशाखात रस्त्याकडेला रांजण, वर ओला फडका, साखळीला बांधलेला पेला. नाव नाही, गाव नाही, पाणी प्या आणि निघा. वाय-फायही असंच असावं, असं म्हणायला छान वाटतं. पण पुण्याहून वरंध घाटाने कोकणात उतरताना महाड लागतं, आणि तिथे हा छान शब्द घशात अडकतो. चवदार तळं सार्वजनिक होतं. 1923 साली मुंबईच्या विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तरी 20 मार्च 1927ला बाबासाहेबांना हजारो माणसांना घेऊन तिथे पाणी प्यायला जावं लागलं. पुढे कोर्टात तळं खासगी असल्याचा दावा झाला आणि निकाल लागायला 1937 उजाडलं. ‘नाव-गाव न विचारता पाणी’ ही आपली परंपरा आहे असं सरसकट म्हणणं खोटं आहे. ओंजळीत पाणी पडण्याआधी ओळख विचारणं, हीच कितीतरी गावांची परंपरा होती.

‘तू कोण?’ या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. एक: उद्या तुझ्यामुळे काही नुकसान झालं तर तू मला कुठे सापडशील? दुसरा: तू हे मिळण्याच्या लायकीचा आहेस का? पहिल्याचं मला वावडं नाही. पाणी पिणाऱ्याची तहान भागते आणि गोष्ट तिथे संपते. इंटरनेटवरून मात्र पलीकडच्या माणसापर्यंत हात पोचतो, म्हणून देणाऱ्याने थोडं सावध असणं रास्त आहे. अडचण अशी, की पहिला प्रश्न विचारायला बसवलेलं यंत्र बघता बघता दुसरा विचारू लागतं. ज्याच्याकडे इथलं सिम नाही, तो परदेशी पाहुणा बाहेर. ज्याच्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलाय, तो मुलगा बाहेर. रिचार्ज संपून मेसेज बंद झालेली बाई बाहेर, आणि वाय-फायची गरज खरी तिलाच. ओटीपी कुणालाही ‘तू नालायक’ म्हणत नाही. तो फक्त येत नाही.

माझ्या मामाची दापोली तालुक्यात एसटी थांब्यासमोर खानावळ आहे, वर दोन खोल्या भाड्याने. वाय-फाय बसवून देताना मी त्याला लॉगिनचं पान लावून घे म्हणाले. कारण कनेक्शन त्याच्या नावावर, पोलीस आले तर त्याच्याकडे. तो म्हणाला, “अगं, लँडलाइन होती तेव्हा एसटी चुकलेला कुणीही येऊन फोन करायचा. मी काय आधार कार्ड बघत होतो?” मी म्हटलं, “मामा, तेव्हा तू बाजूला उभा असायचास, तुला सगळं ऐकू यायचं. यात तुला काही कळणार नाही.” त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ऐकू यायचं, पण मी ऐकायचो नाही.”

हे उत्तर सुरक्षेच्या कुठल्याही परीक्षेत नापास होईल. त्याच्या जिवावर उदार होण्याचा हक्क मला नाही, आणि दुर्घटना झाली तर ‘पाहुणचार केला’ हा बचाव कुणी मानणार नाही, हेही मला माहीत आहे. पण गेल्या जूनमध्ये त्याच्याकडे एक मुलगी आली. रिचार्ज संपलेला, कॉलेजला दाखल्यांचे फोटो त्या दिवशी पोचायला हवे होते, मेल आउटबॉक्समध्ये लटकलेली. मामाने पासवर्ड सांगितला, मेल गेली, तिची गाडी आली. लॉगिनचं पान लावलं असतं तर तिच्याकडे ओटीपी मागितला गेला असता, आणि तो यायला रिचार्ज हवा.

शेवटी जी व्यवस्था बसली ती अशी: पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, म्हणजे मामाचा गल्ल्यावरचा कॉम्प्युटर बाजूला राहतो. वेगाला मर्यादा. पासवर्ड आहे, पण भिंतीवर लिहिलेला नाही. आत येऊन मामाला विचारायचा. माणसासमोर यावं लागतं, एवढीच अट; काही सिद्ध करावं लागत नाही. सरकारच्या सूचनांचं समाधान याने होईल असा माझा दावा नाही. छोट्या दुकानदारांना परवान्याशिवाय वाय-फाय देता यावं म्हणून डिसेंबर 2020मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली, ती मामाला नीट समजावून सांगायची आहे. तिच्यातही वापरणाऱ्याने ॲपमध्ये ओळख पटवायची असते, म्हणजे त्या मुलीचा प्रश्न तिथेही उरतो.

कोणती उपकरणं कधी जोडली गेली, याची यादी राउटर ठेवू शकतो. ती मी चालू केली आहे. खरं तर तिचा उपयोग मर्यादित आहे: अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक वाय-फायला स्वतःचा खरा पत्ता सांगतच नाहीत, बनावट सांगतात. म्हणजे फोनसुद्धा परक्या गावात तोंड झाकून जातो. मामाला मी ती यादी कुठे दिसते ते दाखवलंय, दोनदा. त्याने अजून उघडलेली नाही.