खरं सांगण्याचा मोह

खरं बोलणं हा सद्गुण आहे, असं शाळेत शिकवलं होतं. खरं सांगायची घाई हा मात्र वेगळाच प्रकार आहे, हे जऊळक्याच्या एका देवघरासमोर बसल्यावर कळलं.

आधी माझ्या व्यसनाबद्दल सांगतो. मी जुनी पोस्टकार्डं जमवतो. तीही नाटकातल्या पात्रांची, हातानं रंगवलेली. काळापांढरा फोटो छापायचा आणि त्यावर कुंचल्यानं रंग चढवायचा, अशी ती रीत. रंगवणाऱ्यानं नाटक पाहिलेलं असायचंच असं नाही. मग गालावरची लाली कानापर्यंत जाते, लुगड्याचा हिरवा रंग काठ सोडून शेजारच्या खुर्चीवर सांडतो. "परक्या बायकांचे फोटो कसले जमवता?" असं सौ.नं विचारलं, तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं, की यातल्या निम्म्या बायका पुरुष आहेत. तेव्हापासून ती माझ्याकडे जास्तच काळजीनं पाहते.

पण खोटं नव्हतं ते. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. १९११ साली ते 'मानापमाना'त भामिनी झाले, १९१६ साली 'स्वयंवरा'त रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याल्या'त सिंधू. घरंदाज बायका लुगडं कसं नेसायचं ते या पुरुषाकडे पाहून शिकल्या! तिकडे पॅरिसात सारा बर्नहार्टबाईंनी १८९९ सालीच हॅम्लेट रंगवला होता, म्हणजे हिशेब फिटला.

तर एका लग्नाला वऱ्हाडी म्हणून मी वऱ्हाडात गेलो. वाशीम जिल्ह्यातलं जऊळका. गावाच्या नावातच रेल्वे: 'जऊळका रेल्वे'. आमचा जानोसा शेजारच्या एका आजींच्या घरी. सकाळी आंघोळ करून देवाला नमस्कार करायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. गजानन महाराज आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध, लाकडी फळीवर चिकटवलेलं हातानं रंगवलेलं पोस्टकार्ड! 'स्वयंवरा'तले बालगंधर्व!

"आमची रुकमाई हाय ते," आजी म्हणाल्या.

रुकमाईच्या कपाळावर कुंकवाचा हा एवढा थर. संग्राहकाच्या भाषेत, कार्ड खराब. तरी हात शिवशिवले. मनात आलं, सांगून टाकावं, आजी, ही देवी नव्हे, हा नट आहे. आजी कार्ड देवघरातून काढतील, मी ते अलगद खिशात घालीन. पुन्हा सत्य बोलल्याचं पुण्य वेगळंच.

मग माझीच मला शंका आली. सत्याचा एवढा पुळका मला एरवी येत नाही. साहेबांनी कविता वाचून दाखवली की मी डोळे मिटून "वा!" म्हणतो. मग आजच का? आणि गंमत अशी, की 'हा नट आहे' हे सांगायला जीभ वळवळत होती, पण 'या कार्डाला पैसे मिळतात' हे दुसरं सत्य टाळूला चिकटून बसलं होतं. जे सांगितल्यानं माझा फायदा ते सत्य आणि जे सांगितल्यानं तोटा ती फुकटची बडबड, असा सोयीस्कर हिशेब! अर्ध्या सत्यापायी धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. माझा तर आधीपासूनच पाटावर टेकलेला.

शेवटी राहवेना. म्हटलं, "आजी, ही रुक्मिणी खरी कोण, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"हाय ना मालूम! नाटकातला गडी हाय तो. माह्या सासऱ्यानं आणला व्हता."

"मग पूजा...?"

"आता घ्या! दगडात देव रायते, मंग गड्यात काऊन नाही रायनार?"

मी गप्प. मग उरलेलं सत्यही ओकून टाकलं, की आजी, याला पैसे येतात, कुणी मागितलं तर फुकट देऊ नका. आजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि हातावर खडीसाखर ठेवली.

माझ्या अल्बमात रुक्मिणीची जागा अजून रिकामी आहे. त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. माझ्या कार्डांवर कुणीतरी एकदाच रंग चढवला आणि हात धुतले. त्या घरातल्या कार्डावर सासूनं चढवला, सुनेनं चढवला, अजून रोज सकाळी चढतो आहे. हातानं रंगवलेलं म्हणायचं, तर तेच.