घोड्याची खोड

आमची एपी-०१ क्रमांकाची जुनी मारुती ८०० विकायची ठरली, तेव्हा चिरंजीवांनी शुल्क भरून एका जाहिरात-सेवेकडे तिची नोंद केली. छायाचित्रे झकास निघाली. ‘सुस्थितीत’ हा शब्द सेवेनेच सुचविला. गाडी एकदा ओढ्याच्या पुरात बुडाली होती, हे कोणी विचारले नाही; आम्हीही लिहिले नाही.

१८७२ च्या करार कायद्यातील सतराव्या कलमाखाली एक दृष्टांत आहे. लिलावात खोडीचा घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य! नोकरीत असताना हा भेद आम्हांस रास्त वाटे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबणारा दलाल निदान सौद्यानंतरच्या शिव्या तरी खाई. या सेवेने गिऱ्हाईक आणून देण्याचे शुल्क घेतले. शुल्कासोबत खरे बोलण्याचा भारही तिच्याकडे गेला, अशी सोयीची समजूत आम्ही करून घेतली होती.

उटनूरहून एक तरुण शिक्षिका गाडी पाहावयास आल्या. फॉर्म २९ वर सही करण्यापूर्वी आम्ही पुराची हकिगत सांगितली. त्यांनी मेकॅनिक बोलावला आणि अठरा हजार कमी दिले. चिरंजीव दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.