कोरें पत्र

मनुष्याला नवें शिकण्याची भीति वाटते असें आपण सहज म्हणतों. पण ही भीति नेमकी कशाची, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. भय आणि लाज या दोन निरनिराळ्या वृत्ति आहेत. बाहेरून मात्र त्या पुष्कळदां सारख्याच दिसतात. हात थरथरतो, बोट अडखळतें आणि "हें आमच्या वयाचें काम नव्हे" असें वाक्य तोंडून निघून जातें. मग कोणी धीर देतो, कोणी थट्टा करतो. पण रोगाचें निदानच चुकलेलें असल्यामुळें गुण कशानेंच येत नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा नांवाचें गांव आहे. उत्तरेस अंबाबरव्याचें अरण्य, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन. येथें माझ्या परिचयाचें एक कुटुंब आहे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. घरीं सत्तरी ओलांडलेली आई आणि थोरल्या मुलाचा संसार. धाकट्यानें मोठ्या हौसेनें आईला मोबाइल आणून दिला, व्हिडिओ कॉल कसा घ्यावा व लावावा तें दोन मिनिटांत दाखविलें आणि तो परत गेला. पुढें कित्येक महिने तो फोन देवघराच्या कोनाड्यांत फडक्यांत गुंडाळलेला राहिला. कॉल आला म्हणजे कोणास तरी हांक मारावयाची, त्यानें बटण दाबावयाचें, आणि मायलेकांचें बोलणें तिसऱ्याच्या समक्ष व्हावयाचें. जें बोलावयाचें तें अर्थातच मनांत राहून जाई. मीं एकदां कारण विचारलें. ती म्हणाली, "बाप्पा, मले त्या बटनाचं भेव नाई. पोरगा म्हनते, माय, कितीक डाव सांगू तुले? थे आयकलं का हातच आखडते."

या उत्तरानें माझी समजूत पालटली. यंत्राचें भय फार काळ टिकत नाहीं, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या उदाहरणावरूनहि दिसते. पाव आण्याचें पोस्टकार्ड या देशांत १८७९ सालीं निघालें. उघड्या कार्डावरचा मजकूर कोणासहि वाचतां येईल हें ठाऊक असूनहि लोकांनीं तें आपलेंसें केलें. १८८२ सालीं मुंबईस टेलिफोन आला. खेड्यांत तार आली म्हणजे ती वाचण्यापूर्वींच घरांत रडारड सुरू होई. पण तीच तार जुलै २०१३ मध्यें बंद झाली तेव्हां शेवटची तार करण्यासाठीं लोकांनीं तारघरांत गर्दी केली. ज्याला भ्यालों त्याच्याच वियोगानें हळहळलों, असा हा मनुष्यस्वभाव आहे.

मग आजच्याच साधनाविषयीं इतका संकोच कां? मला वाटतें, याचें कारण यंत्रांत नसून मध्यस्थांत आहे. पूर्वीं पत्र लिहून देणारा कोणी असे, वाचून दाखविणारा पोस्टमन असे, तार मास्तर पाठवी. निरक्षर मनुष्य त्यांजकडून काम करून घेई, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नसे. कारण तें शिकण्याची अपेक्षाच त्याच्याकडून नव्हती. आतां तो मध्यस्थ गेला. ज्याचें त्यानें बटण दाबावें अशी रीत पडली. आणि शिकविणारा कोण, तर ज्याला आपण बोट धरून चालावयास शिकविलें तोच पोर. ज्याच्यापुढें आपण जन्मभर जाणते म्हणून वावरलों, त्याच्यापुढें अजाण होऊन बसणें, हीच खरी अडचण आहे.

ही अडचण आजची नव्हे. सोनाळ्याच्या दक्षिणेकडून वाहणारी पूर्णा जेथें तापीस मिळते, तें जळगांव जिल्ह्यांतील चांगदेव गांव वाचकांस ठाऊक असेल. आख्यायिका अशी कीं, योगबलानें १४०० वर्षें जगलेल्या चांगदेवांस ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाचें होतें. पण मायना काय लिहावा? वयानें लहान म्हणून चिरंजीव लिहावें, तर ज्ञानानें ते थोर. तीर्थरूप लिहावें, तर वय आड येतें. शेवटीं त्यांनीं कोरेंच पत्र धाडलें. तें पाहून मुक्ताबाईंनीं विनोद केला कीं इतकीं वर्षें जगूनहि हे कोरेच राहिले. परंतु ज्ञानदेवांनीं त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचें उत्तर दिलें, आणि पुढें त्याच लहानग्या मुक्ताबाईला चांगदेवांनीं गुरु केलें, असें परंपरा सांगते.

या कथेंत आपण नेहमीं चांगदेवांच्या अहंकाराकडे बोट दाखवितों. पण कोरें कां होईना, त्यांनीं पत्र धाडलें, हें आपण विसरतों. आणि समोरच्यानें तें उत्तरायोग्य मानलें, हेंहि विसरतों. वडील माणसानें आपलें अज्ञान उघड करावें, आणि लहानानें त्या अज्ञानाचा मान राखावा, अशीं हीं दोन कर्तव्यें आहेत. पहिलें कठीण आहे. पण दुसरें तितकेंच कठीण असून त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. "आण इकडे, मी करून देतों" असें म्हणून फोन हातांतून ओढून घेणारा मुलगा आईचें काम करतो, पण तिचें शिक्षण हिरावून घेतो. त्याला अक्षरें गिरवितांना तिनें पाटी किती वेळां पुसली होती, याचा हिशेब कोणीं ठेवला आहे?

समाजाचीहि वृत्ति याहून निराळी नाहीं. खेड्यांतील लोकांस संगणक व मोबाइल शिकविण्यासाठीं सरकारनें २०१७ सालीं जें साक्षरता अभियान काढलें, त्यांत वयाची अट १४ ते ६० वर्षें अशी होती. साठीच्या पुढच्यास कांहीं शिकावयाचें नसतें असेंच जणू आपण ठरवून टाकलें. याउलट ठाणें जिल्ह्यांतील फांगणे गांवीं २०१६ च्या महिला दिनीं वृद्ध स्त्रियांसाठीं शाळा निघाली, आणि गुलाबी लुगडीं नेसलेल्या आज्या पाटीदप्तर घेऊन वर्गांत बसल्या. तेथें लाज गेली, कारण एकटी कोणीच नव्हती. अवघा वर्गच अजाण होता.

अर्थात् सर्वच भय टाकण्याजोगें नसतें. फोनवरून कोणीं पैशांची भीति घातली किंवा ओटीपी मागितला, तर तेथें हात आखडणें हाच शहाणपणा होय. पैशाच्या व्यवहारांतील चूक भरून येईलच असें नाहीं. पण पोरास धाडलेल्या निरोपांत चूक झाली तर काय बिघडतें? व्हॉट्सअॅपवर २०१७ पासून पाठविलेला निरोप पुसतांहि येतो. म्हणून भयाला पैशाच्या दारावर पहारा करूं द्यावा. मायेच्या दारावर त्याचें काम नाहीं.

त्या आईचें पुढें काय झालें, तें सांगून लेख पुरा करतों. गेल्या दिवाळींत तिची नात तिच्याजवळ बसली. फोन आजीच्याच हातीं राहूं दिला, आणि चुकलें तर ती "पुन्हां कर आजी" एवढेंच म्हणे. चार दिवसांनीं मुलगा पुण्यास परतल्यावर त्याला आईचा पहिला आवाजी निरोप गेला. त्यांत शब्द एकहि नव्हता. बोलण्याच्या वेळीं तिचा धीर सुटला असावा. चुलीजवळच्या भांड्यांचा खडखडाट आणि दूरवर बैलाच्या घुंगरांचा आवाज, एवढेंच त्यांत होतें. मुलगा हंसला नाहीं. त्यानें लगेच उत्तर धाडलें, "माय, पोचलं."

दुसऱ्या दिवशीं ती बोलली.