उंबरठ्याबाहेरचा धनको

नव्या घराच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू येतात, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले जाते, आप्तेष्ट जेवून आपापल्या घरी परततात. त्यांपैकी कुणी खरेदीसाठी उसने पैसे दिलेले असतात, कुणी जामीन राहिलेले असते. त्यानंतर ते कुटुंब आणि त्याचा हप्ता एवढेच मागे उरतात. गरजूला घर मिळवून देणे हे आपण पुण्यकर्म मानतो. मिळालेले घर टिकवून देणे हे कुणाचे कर्म?

हप्त्याचे गणित रुक्ष खरे, पण ते पाहिल्यावाचून प्रश्नाची धार कळत नाही. 20 लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे 18,000 रुपये येतो. त्यातले 15,000 पहिल्या महिन्यात निव्वळ व्याजाचे. 5 वर्षे एकही हप्ता न चुकवता जवळजवळ 10 लाख 80 हजार भरले, तरी मुद्दल कमी होते अवघे सव्वादोन लाखांनी. शिल्लक संपलेली, मुले लहान, अशा या वर्षांतच एखादे आजारपण येते किंवा नोकरी सुटते.

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित ठरते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, आणि तीही उलटली तर न्यायालयात दावा न लावता धनकोला घराचा ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या दिवसापर्यंत कर्ज फेडून घर सोडवता येत असे. 2016 च्या दुरुस्तीने लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच तो हक्क संपतो.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाने तटबंदीच्या नगरातले घर विकून टाकलेल्यालाही ते सोडवण्यासाठी वर्षभराचा अवधी दिला होता. अनुवाद ग्रंथात तर धनकोने तारण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, अशी आज्ञा आहे. आज घर हेच तारण झाले आहे. उंबरठ्याबाहेर उभे राहायचे ते कसे?

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. बँकेचा पैसा एखाद्या विधवेची ठेव असतो, निवृत्त शिक्षकाची पुंजी असतो. सरसकट कर्जमाफी मागणारा बहुधा दुसऱ्याच्या खिशातून उदार होत असतो. ऋणकोला माफी देणे बंधनकारक आहे असे मला वाटत नाही. वेळ देणे मात्र आहे. आणि वेळ लवकर दिला तरच उपयोगी पडतो. पहिला हप्ता चुकताच मुदत वाढवून हप्ता हलका करता येतो (एकूण व्याज वाढते, हे त्याला स्पष्ट सांगावे). पण त्याच वेळी माणूस लाजेने गप्प बसतो. पत्नीचे सोने गहाण ठेवतो, सावकाराकडून उचल घेतो, रविवारी मिस्साला नेहमीच्या बाकावर बसतो. नोटीस दारावर चिकटते तेव्हा धर्मग्रामाला कळते, आणि तोवर सल्ल्यालाही जागा उरलेली नसते.

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद 1833 पासून गरिबांच्या घरी जात आले आहेत. नव्या फ्लॅटमधल्या माणसाला मात्र आपण गरिबांत मोजत नाही. त्याच्या घरी कुणी जाईलच, तर चहा घेऊन पडद्यांचे कौतुक करून येईल. हप्त्याविषयी विचारणे असभ्यपणाचे वाटते.

गहाण पडलेली शेते, द्राक्षमळे आणि घरे परत करा, असे नहेम्याने यरुशलेमच्या सरदारांना बजावले, तेव्हा आपण आणि आपले भाऊबंदही कर्ज देणाऱ्यांतच आहोत, हे त्याने लपवले नाही. आपणही सहकारी बँकेचे भागधारक असतो. यंदा लाभांश किती, हा प्रश्न वार्षिक सभेत कुणी ना कुणी हमखास विचारतो. वर्षभरात किती घरांचा ताबा घेतला, आणि तिथला पहिला हप्ता चुकला तेव्हा त्या घरी कोण गेले होते, हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. मीही तो विचारलेला नाही.