हाताला हुद्दा हवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलातल्या मुली आज राष्ट्रीय स्पर्धांत पदकं घेतात. ज्या मुलखात तालमीचा उंबरा बाईनं ओलांडायचा नाही असा दंडक होता, तिथं हे घडलं. त्यामागं पोरींची जिद्द आहेच, पण जिद्द एकटी पुरत नाही. राहायची सोय, खुराक, मुलीलाही डाव मन लावून शिकवणारा वस्ताद आणि सरावाला जोडीच्या दुसऱ्या मुली, एवढं सगळं मिळालं तेव्हा पोरी घडल्या. मला वाटतं, वर्कशॉपमध्ये शिरू पाहणाऱ्या मुलीलाही नेमकं एवढंच हवं असतं.

शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर, कोणताही ट्रेड तिला घेता येतो. खरी परीक्षा प्रवेशानंतर, शिकाऊ उमेदवारीत सुरू होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानं उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, पण मशीन हाती मिळेलच असं नाही. मुलगा लेथवर आणि मुलगी पॅकिंगच्या टेबलावर किंवा रजिस्टरपाशी, अशी वाटणी अनेकदा कुणी न ठरवताच होते. त्यात तिला जपल्याचं समाधान असतं, पण तिचं वर्ष वाया जातं. चार जॉब बिघडल्याशिवाय कुणाचाच हात बसत नाही. मुलाचा जॉब बिघडला तर ‘शिकतोय अजून’ म्हणायचं आणि मुलीचा बिघडला तर ‘हे बायकांचं काम नव्हे’, हा न्याय बदलायला हवा.

वेल्डिंगचंच पाहा. हातमोजे पुरुषी मापाचे. त्या सैल मोज्यांत बोटं नीट वळत नाहीत, होल्डरवरची पकड सुटते, आर्क तुटतो आणि टाका वेडावाकडा पडतो. दोष मापाचा असतो, शेरा मात्र मुलीच्या हातावर बसतो. हाताच्या मापाचे मोजे, पायात बसणारे सेफ्टी शूज, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह ही मेहेरबानी नव्हे. कारखान्यात मोजपट्टी लागते तशाच याही वस्तू लागतात.

बायकांना कारागिरी नवी आहे, असंही नाही. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत कोअर बनवायला बायका असतात. हुपरीत चांदीच्या पैंजणांचं बारीक काम घरोघरी बायका करतात. कोल्हापुरी चपलेची वेणी आणि शिलाई त्यांच्याच बोटांतून उतरते. पण ‘कारागीर’ म्हणून नाव घरच्या पुरुषाचं लागतं आणि बाईचं काम ‘मदत’ ठरतं. मदतीला दर नसतो, बढती नसते, दाखलाही नसतो. म्हणून आयटीआयच्या प्रमाणपत्राचं मोल मला मोठं वाटतं. त्यानं हाताला हुद्दा मिळतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई केली होती. पुढं महाराष्ट्रानं अटी घालून ती शिथिल केली. पण कागलच्या पंचतारांकित वसाहतीत दुसरी पाळी सुटल्यावर मुरगूडच्या मुलीनं घरी पोचायचं कसं, हे कायदा सांगत नाही. ते कारखानदारानं आणि एसटीनं मिळून सोडवायचं आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीचंही तसंच. २०१३ च्या कायद्याप्रमाणं दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते. चार-पाच जणांच्या वर्कशॉपमधल्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. ही गोष्ट तिला पहिल्याच दिवशी कळायला हवी.

साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. त्यांचा अभिमान बाळगावाच, पण पहिलीचा सत्कार केला की आपलं काम संपत नाही. दुसरी, तिसरी, दहावी यावी म्हणून काय केलं, हा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

मुरगूड आणि भोवतालच्या कारखानदारांना म्हणूनच माझं सांगणं आहे, की उमेदवार घेताना एकच मुलगी घेऊ नका, निदान दोघी घ्या. एकटी मुलगी सगळ्यांच्या नजरेखाली काम करते, दोघी असल्या की एकमेकींना विचारून शिकतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात मशीनवर उभं करा आणि त्यांचे बिघडलेले जॉब मुलांच्या बिघडलेल्या जॉबइतकेच सोसा. वर्षअखेरीला त्यांच्यातली एक जरी कायम झाली, तरी पुढच्या वर्षी आयटीआयचा अर्ज भरताना गावातल्या बापाला ‘मुलीला ट्रेड कशाला?’ हा प्रश्न पडणार नाही.