आधी शंका, मग शोध

कॉलेजे सुरू झाली की पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ग्रंथालयात नव्या विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम होतो. एन-लिस्टचे लॉगिन कसे घ्यायचे, ओपॅकवर पुस्तक कसे शोधायचे, शोधगंगेवर प्रबंध कसे उघडायचे, मजकुरातले साम्य पकडणारे सॉफ्टवेअर कसे चालते, एवढे तासाभरात दाखवले जाते. अलीकडे त्यात चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा याची भर पडली आहे. मग प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो काढले जातात आणि ‘माहिती साक्षरता कार्यशाळा’ या नावाने अहवाल नॅकच्या फायलीत जातो. या प्रत्येक गोष्टीचा उपयोग आहे, तक्रार उपयोगाबद्दल नाही. तक्रार अशी की, एका मोठ्या कल्पनेचे नाव दार उघडून दाखवण्याच्या कामाला दिले गेले आहे. या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला कुठे काय मिळते हे कळते. मिळालेले खरे कशावरून, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारलेला नसतो. त्याच्याकडून अपेक्षा असते ती साम्याचा आकडा १० टक्क्यांच्या आत ठेवण्याची, कारण यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत तेवढ्यापर्यंत दंड नाही. शून्य टक्के साम्य असलेला निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोटा असू शकतो, ही साधी गोष्ट त्या आकड्याआड झाकली जाते.

माहिती साक्षरतेच्या या कल्पनेचा इतिहास सांगताना एक सोयीची गोष्ट सांगितली जाते. पूर्वी माहिती दुर्मीळ होती, म्हणून ती शोधायला शिकवावे लागे. इंटरनेट आले, माहितीचा पूर आला, म्हणून आता ती पारखायला शिकवावे लागते. ऐकायला हे पटते, पण निदान महाराष्ट्रापुरता कालक्रम याच्या उलट आहे. आपल्याकडे पारख आधी आली, तीही साधने अत्यंत दुर्मीळ असताना. निव्वळ शोधण्याला महत्त्व आले ते नंतर, आणि त्याचे कारण माहितीचा पूर नव्हते.

ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर लवकरच शाळांतून शिकवले जाऊ लागले आणि दोन पिढ्यांना आपला इतिहास त्यातूनच कळला. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने पुण्यात तरुणांच्या एका सभेत त्यावर टीकेचा निबंध वाचला. त्याच्या हाताशी सुसज्ज ग्रंथालय नव्हते, सूची नव्हती. दफ्तरे सरकारच्या ताब्यात होती, बखरी घराघरांतल्या बासनांत होत्या. तरीही त्याला प्रश्न पडला: हा इतिहास कोणत्या कागदांवर उभा आहे, आणि कोणते कागद डफने पाहिलेच नाहीत? पाठ्यपुस्तक म्हणून हाती आलेल्या ग्रंथाला त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. पुढे त्याने बखरी मिळवून संपादित केल्या आणि छापल्या, पण तो उद्योग या शंकेतून निघाला. शंका आली म्हणून शोध सुरू झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. तीस वर्षांनी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनीही नुसती पत्रे छापली नाहीत. १७५० ते १७६१ या काळातल्या त्या पत्रांपुढे लांबलचक प्रस्तावना जोडून बखरकार आणि ग्रँट डफ यांची विधाने त्यांनी पत्रांच्या तारखांशी ताडून पाहिली. घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र आणि पुढे आठवणींवरून लिहिलेली बखर यांचे वजन सारखे धरता येत नाही, हा नियम त्यातून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच शिस्तीवर. राजवाड्यांची स्वतःची कितीतरी अनुमाने, विशेषतः समाज आणि जात यांबद्दलची, पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. ती खोडता आली, कारण साधने छापून सगळ्यांसाठी खुली केलेली होती. राजवाड्यांना त्यांच्याच नियमाने तपासता येते, आणि या परंपरेचे मोल त्यातच आहे.

ही शिस्त कॉलेजात मात्र शिरली नाही. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ कित्येक दशके प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होते. संशोधन मंडळांत आणि एकांड्या माणसांच्या घरी चालले. कॉलेजात नेमलेले पुस्तक होते आणि त्यावरचे मार्गदर्शक. दरम्यान ग्रंथालयांची वाढ वेगळ्या वाटेने झाली. सयाजीराव गायकवाडांनी १९१०च्या सुमारास अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून बडोद्यात गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त १९३१ साली आले. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १९४३ मध्ये १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांचा माग एका जागी आणला. हा इतिहास सर्वांना मान्य आहे, त्यावर थांबण्याचे कारण नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, नव्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाची ओळख करून देणे ही रंगनाथनांच्या संदर्भसेवेतली केवळ पहिली पायरी होती. तिच्यापुढे वाचकाच्या प्रश्नासोबत दीर्घकाळ चालणारी सेवा त्यांना अभिप्रेत होती. आपण पायरीलाच घर समजलो. १९६०च्या दशकाच्या आरंभी डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया नॅप यांनी केलेल्या प्रयोगाचा रोखही हाच होता. ग्रंथालय वापरणे हे अभ्यासक्रमातल्या खऱ्या प्रश्नाला बांधले, तरच ते शिकले जाते.

मग गाडी वळली कुठे? बहुतेक जण ज्याला आरंभ मानतात तिथेच, १९७४ साली. त्या वर्षी पॉल झुर्कोव्स्की यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालय आयोगाला एक अहवाल दिला आणि त्यात ‘माहिती साक्षरता’ ही कल्पना मांडली. आपल्याकडच्या टिपणांत त्यांचे नाव ग्रंथालय चळवळीतला आद्यपुरुष म्हणून येते. ते ग्रंथपालही नव्हते आणि शिक्षकही नव्हते. माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. खासगी माहिती-व्यवसाय आणि ग्रंथालये यांचे नाते कसे असावे, ही त्यांच्या अहवालामागची चिंता होती. माहितीची साधने वापरून आपल्या कामातल्या अडचणी सोडवू शकणारा माणूस त्यांच्या नजरेसमोर होता. देशातले जेमतेम सहावा हिस्सा लोक असे आहेत, असा त्यांचा अंदाज होता आणि १९८४पर्यंत सर्वांना तसे करावे, असा प्रस्ताव. यात कट-कारस्थान नाही. व्यवसायाच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण साधन विकायचे तर ते वापरता येणारे ग्राहक हवेत. पण या मांडणीत शोधणारा माणूस साधनाकडे येतो तो त्याच्यावर भरवसा ठेवूनच. कीर्तन्यांच्या ठिकाणी जी शंका होती, तिच्या जागी इथे गरज आली. १९८९च्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अहवालाने कल्पनेला नागरिकत्वाची आणि लोकशाहीची जोड दिली हे खरे. तरीही २०००च्या कॉलेज मानकांनी पाच मानके आणि बावीस निर्देशक आखले, तेव्हा सांगाडा तोच राहिला: आधी गरज ओळखा, मग माहिती मिळवा, मग तिचे मूल्यमापन करा. कोणी म्हणेल, पाचांतले एक मानक तपासणीचेच होते की. होते, पण तिसरे. शोध संपल्यावर करायचे ते काम ठरले. तपासणीनेच शोधाला दिशा द्यायची असते, ही गोष्ट त्या क्रमात हरवली. खुद्द अमेरिकेत २०१६ साली ही मानके मागे घेतली गेली आणि त्यांच्या जागी आलेल्या चौकटीत एखाद्या स्रोताचा अधिकार कोण, कुठे आणि कशावरून ठरवतो हा प्रश्न पुढे आला. आपण अजून त्या मोजता येणाऱ्या निर्देशकांच्याच नकला काढतो आहोत, कारण मोजता येते ते फायलीत बसते.

आपल्या खर्चाची दिशाही हेच सांगते. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. तीस प्रकाशकांची तेरा हजारांवर नियतकालिके सरकारी संस्थांना खुली होत आहेत. हे स्वागतार्ह आहे. सयाजीरावांपासून जिच्यासाठी धडपड झाली, ती ग्रंथांपर्यंत पोहोच हा सामाजिक न्यायाचाच भाग आहे. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला आधी पुस्तक मिळू द्या, शंका घेण्याची चैन नंतर, हा आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. पण शंका ही चैन आहे हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंबे गावाचे उदाहरण घ्या. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची, अधिसूचना २०१३ साली निघाली आणि पहिल्या विकास आराखड्यातल्या तेवीस गावांत विचुंबे होते. नगररचना योजनेत मूळ जमिनीच्या ४० टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड मालकाला मिळतो. शेजारच्या सिडकोच्या संपादित जमिनीवर वर्षानुवर्षे बोलला जाणारा आकडा साडेबारा टक्क्यांचा आहे. दोन्ही आकडे खरे. व्यवहार वेगळे, कायदेशीर पाया वेगळा. इथल्या शेतकऱ्याच्या मुलीने ‘आमच्या जमिनीचे काय होणार’ हा प्रश्न घेतला, तर तिच्यापुढे राजपत्र येते, सिडकोचा नकाशा येतो, सातबारा येतो, शेतकऱ्यांच्या हरकती येतात, बिल्डरची जाहिरात येते आणि दोन आकड्यांची सहज सरमिसळ करू शकणारा चॅटबॉटही येतो. यांतले काहीच तिला दुर्मीळ नाही. तिला कळायला हवे ते हे: कोणता कागद कोणी, कधी, कोणाला बांधून घेण्यासाठी काढला, मसुदा कोणता, मंजूर झालेले कोणते, आणि हरकत नोंदवलेल्या माणसाचे म्हणणे नकाशात का दिसत नाही. ज्याच्याकडे वकील नाही त्यालाच ही पारख सर्वांत जास्त लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शंभरावर मुलांचा वर्ग, एकच ग्रंथपाल, त्याच्यावर देवघेवीपासून नॅकपर्यंतचा भार. प्रत्येक मुलाला कीर्तने कसे करणार? करायचे नाहीच. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणला आहे आणि त्याला श्रेयांकही दिले आहेत. जागा आहे, वेळही आहे. तिथे आज शेवटी संदर्भांची यादी मागितली जाते आणि ती यंत्राकडूनही करून घेता येते. यादीऐवजी दोनच साधने मागावीत, एकमेकांशी न जुळणारी, आणि कोणावर का विश्वास ठेवला याचे एक पान. शंभर याद्यांपेक्षा शंभर पाने तपासायला वेळ लागेल हे कबूल, पण त्या वेळात शिकवणे घडेल. चॅटबॉट आता तपासूनही देतो, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ग्रँट डफही आपल्या काळी अधिकृत आणि ओघवता होता. ओघवत्या उत्तराचा पाया विचारणे हे काम तेव्हाही यंत्राने केले नसते, वाचकालाच करावे लागले.

म्हणून मागणी नव्या कार्यशाळेची नाही. ग्रंथपालाला शिक्षकाच्या बरोबरीने क्षेत्रप्रकल्पाच्या मूल्यमापनात हक्काची जागा द्यावी, आणि गुण साधने सापडल्याचे न देता ती ताडून पाहिल्याचे द्यावेत. साम्याचा आकडा चोरी पकडण्यापुरता ठेवावा. खरेखोटे ठरवण्याच्या कामी तो निरुपयोगी आहे. एवढे होत नाही तोवर लॉगिन वाटण्याच्या कार्यक्रमाला ग्रंथालय-परिचय म्हणावे. त्या नावात कमीपणा नाही, आणि ते खरे आहे.