पीळ हाताचा, जोर यंत्राचा

माणसाच्या हातून होणाऱ्या कामात यंत्राने किती वाटा घ्यावा, हा साधनविवेकाचा जुना प्रश्न आहे. वर्धा जिल्ह्यात तो जितक्या बारकाईने विचारला गेला तितका देशात क्वचितच कुठे विचारला गेला असेल. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्या काळच्या चर्चेत चरखा, तेलघाणी आणि जाते होते. आज त्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या गॅरेजांत तोच प्रश्न मोटारीच्या स्टीअरिंगच्या रूपाने उभा आहे: तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग बरे, की विजेवरचे?

दोन्हींच्या मुळाशी एकच युक्ती आहे. हायड्रॉलिक रचनेत स्टीअरिंगच्या खाली एक बारीक पोलादी सळई असते. हाताने चाक वळवले की टायरच्या विरोधामुळे तिला किंचित पीळ पडतो. त्या पिळाने झडप उघडते, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप दाबाखालचे तेल त्या बाजूला ढकलतो आणि हाताच्या जोरात भर पडते. विजेच्या रचनेतही साधारणपणे असाच पीळ सेन्सर मोजतो. संगणक हिशेब करतो आणि मोटर जोर लावते. हात जेवढा जोर लावेल त्या प्रमाणात मदत मिळते. हात थांबला की मदतही थांबते. आणि पंप किंवा मोटर बंद पडली तरी दांडा व दाते जोडलेलेच असतात. स्टीअरिंग फार जड होते, पण गाडी वळते.

विनोबांनी यंत्रांचे तीन वर्ग केले होते: वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी. उत्पादक यंत्रांत त्यांनी पुन्हा दोन प्रकार पाडले, हाताला पूरक आणि हाताचे काम हिरावणारी मारक. एकच यंत्र एका देशात पूरक तर दुसऱ्या देशात मारक ठरू शकते, हेही त्यांनी स्पष्ट केले. पॉवर स्टीअरिंग काही उत्पादन करत नाही, तरी पूरकतेची कसोटी त्याला चपखल लागते. पीळ हाताचा आणि जोर यंत्राचा, ही पूरकतेची जवळजवळ आदर्श आकृती आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी आणि मन हा लगाम मानला आहे. लगाम सारथ्याची इच्छा घोड्यापर्यंत नेतो, तशी घोड्याची ओढही सारथ्याच्या हातापर्यंत आणतो. चांगल्या स्टीअरिंगमध्ये रस्त्याचा खडबडीतपणा हाताला जाणवतो, तो याच अर्थाने. हायड्रॉलिकमध्ये ही जाण अधिक सरळ येते, असे अनेक जुने चालक मानतात.

गांधीजींचा आक्षेप यंत्राला सरसकट नव्हता. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये सूर कडक आहे. पण १९२४ मध्ये विद्यार्थी असलेल्या रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी शरीर आणि चरखा हीसुद्धा यंत्रेच असल्याचे मान्य केले, आणि सिंगरच्या शिलाई यंत्राला प्रेमातून जन्मलेले साधन म्हणून अपवाद दिला. १९३५ मध्ये तर प्रत्येक खेड्यातल्या घरात वीज आली तर तिच्यावर अवजारे चालवायला आपली हरकत नसेल, असे त्यांनी लिहिले. तेव्हा ‘विजेचे’ एवढ्यावरून दुसऱ्या प्रकाराला दोष देता येत नाही.

या संदर्भात १९२९ सालचे चरख्याचे बक्षीस फारसे आठवले जात नाही, हे खरोखर नुकसान आहे. सुधारित चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपये जाहीर केले होते. किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तास फारसे न थकता चालवता येणे, एवढ्यावर अटी थांबल्या नाहीत. वेळोवेळी निगा राखल्यास तो निदान वीस वर्षे न थांबता चालावा आणि भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, असेही घातले होते. दुरुस्ती ही इथे साधनाच्या नैतिक मूल्याचाच भाग झाली. जे यंत्र वापरणाऱ्याला दरवर्षी दूरच्या कारखान्याच्या दारात उभे करते, ते कितीही सोयीचे असले तरी स्वदेशीच्या व्रतात बसत नाही.

या कसोटीवर हायड्रॉलिकची बाजू भक्कम आहे. तेलाची पातळी मालकाला डोळ्यांनी दिसते, काळे पडलेले तेल ओळखू येते, पंपाचा घरघराट कानाला कळतो. सील, होज पाइप, पट्टा हे सुटे भाग तालुक्याचा मिस्त्री बदलू शकतो. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. रबर कडक होऊन भेगाळते आणि गळती लागते, पण तो दोष लपून राहत नाही. विजेच्या रचनेत बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंगची सैल जोडणी तपासणे सोपे आहे. त्यापलीकडे स्कॅनर लागतो, आणि बऱ्याचदा मोटरसह संपूर्ण भागच बदलावा लागतो.

मात्र मगनवाडीतलाच दुसरा विचार उलट दिशेला ओढतो. जे. सी. कुमारप्पांनी १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये निसर्गाच्या संपणाऱ्या साठ्यावर जगणे आणि वाहत्या शक्तीवर जगणे यांत फरक केला. हायड्रॉलिक पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनाची शक्ती खात राहतो. विजेची मोटर मुख्यतः वळताना शक्ती घेते; इंधन वाचते, तेल बदलावे लागत नाही, गळून मातीत जायलाही काही नसते. गरजेपेक्षा जास्त न घेण्याचे, म्हणजे असंग्रहाचे, आणि स्वदेशीचे अशी दोन्ही व्रते गांधीजींच्या आश्रमात रोज म्हटली जात, आणि इथे ती एकमेकांसमोर येतात. गाडी वीस वर्षे एकाच घरात, एकाच मिस्त्रीच्या हाताखाली राहणार असेल तर स्वदेशीचे पारडे जड ठरावे. रोज नागपूरला जाणाऱ्या गाडीला असंग्रहाचे.

विजेच्या स्टीअरिंगला आणखी एक शक्यता चिकटलेली आहे. तोच संगणक आणि तीच मोटर वापरून गाडीला रस्त्यावरच्या तिच्या पट्ट्यात (लेनमध्ये) ठेवणारी यंत्रणा हाताच्या पिळाशिवायही चाक वळवू शकते. तिथे मदतीचा क्रम उलटतो: आधी यंत्र वळते आणि हात मागून संमती देतो. दांडाच काढून टाकणाऱ्या, केवळ तारांवर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये तर हात आणि चाक यांचा लोखंडी संबंधच उरत नाही. विनोबांची पूरक-मारक रेषा विजेच्या आणि तेलाच्या मधून जात नाही. ती याच जागी पडते.

दोन्ही प्रकारांत मालकाच्या हाती राहते ते काम सारखेच आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर कोणतेही स्टीअरिंग जड होते आणि पंप वा मोटर उगाच राबते. चाक टोकापर्यंत वळवून धरून ठेवल्याने पंप तापतो. उभ्या गाडीत वारंवार वळवले तर मोटर तापून मदत कमी करते. गाडी किंचित पुढे सरकू देत चाक वळवणे आणि महिन्यातून निदान दोनदा हवा तपासणे, याला मिस्त्री लागत नाही आणि स्कॅनरही.